खाणपट्ट्याची फाईल अडते कुठं? सही करणाऱ्याच्या बाजूनं चार शब्द

खणीकाठचा (धागा सुरू करणारा)

काल एका ग्रुपवर पोस्ट फिरत होती. सार एवढंच, की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेतली माणसं म्हणजे नुसती अडवणूक, खाणपट्ट्यावर (खाणीच्या भाडेपट्ट्यावर) सही करायला काय अक्कल लागत नाही, सगळं ऑनलाईन करा, पंधरा दिवसांत परवाना द्या आणि ही पदंच बंद करून टाका. खाली आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले लोक "बरोबर, बरोबर" करत होते. वाचून डोकं फिरलं. मी या कामात उमेदीची वर्षं काढलीत, त्यामुळं गप्प बसवत नाही.

अर्ज आला की सातबारा, गट नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी, तलाठ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव, वन विभागाचं ना-हरकत, मायनिंग प्लॅन म्हणजे खण कशी काढणार त्याचा आराखडा, मुंबईतनं पर्यावरण मंजुरी, आणि प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र. यातली बहुतेक कागदं दुसऱ्या खात्यांची, पण फाईल दिसते आमच्या टेबलावर, म्हणून शिव्या आम्हाला. 2012 ला सुप्रीम कोर्टानं दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी पाहिजे, तोवर लहान खाणी सुटत होत्या. हा नियम काय आम्ही चहा पिता पिता काढलेला नाही.

आणि जागेवर जाणं म्हणजे काय ते सांगतो. कागदावर गट पडीक, मुरमाड. जाऊन बघितलं तर खालच्या अंगाला झरा, झऱ्याला दगडाची कुंडी बांधलेली, कुंडीतनं काळी पाईप निघून वाडीवरच्या टाकीत गेलेली. सातबाऱ्यावर झरा नाही, नकाशावर नाही, ठरावात नाही. वर सुरुंग उडवल्यावर ते पाणी राहील का? हे ऑनलाईन अर्जाच्या कुठल्या रकान्यात भरणार?

डबरवाला

ती पोस्ट माझी नाही, पण मी तिथं "बरोबर"च लिहिलंय आणि इथंही तेच लिहिणार. साहेब, झरा बघायला तुम्ही गेला असाल, आमच्याकडं कोण फिरकलंच नाही. पहिल्यांदा म्हणाले जुना नकाशा चालत नाही, नवीन मोजणी आणा. मोजणी आली तोवर ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन बॉडी बदलली, म्हणून ठराव नवीन. ठराव आला तोवर सातबारा जुना झाला म्हणे. बँकेचा हप्ता या काळात थांबतो होय? क्रशर, पोकलेन, दोन हायवा, सगळ्यावर कर्ज.

पर्यावरणाचं तर बोलूच नका. 2016 ला सांगितलं जिल्ह्यातच समिती, इथंच मंजुरी घ्या, घेतली. 2018 ला हरित लवादाचा आदेश आला आणि परत सगळं राज्याच्या समितीकडं. नंतर म्हणाले जिल्ह्यातनं घेतलेली मंजुरीही वर परत तपासून आणा. तुमच्याच सरकारनं दिलेला कागद, आणि खर्च आम्ही दोनदा करायचा?

2021 ला रॉयल्टी ब्रासला 400 ची 600 झाली, वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे, म्हणजे खाणबाधित गावांच्या निधीचे, 10 टक्के. भरतोय की आम्ही. आणि शेजारच्या ओढ्यात रात्री जेसीबी लावून मुरूम नेणारा काय भरतोय? शून्य. त्याला ना फाईल ना साहेब.

खणीकाठचा

रात्रीच्या जेसीबीला महसूल संहितेचं कलम 48(7) आहे, बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड. गाडी जप्त होते.

डबरवाला

होते हो, पण कुणाची? ज्याच्या गाडीला जीपीएस आहे आणि वाहतूक पासवरची वेळ ट्रॅफिकमुळं अर्ध्या तासानं संपली त्याची! नंबर प्लेटला चिखल फासलेला डंपर कुणाला दिसत नाही.

सड्यावरची

दोघांचं भांडण रॉयल्टीवर चाललंय, आमचं कोण विचारतंय का? मी चंदगडची. बॉक्साईटचा सडा, म्हणजे डोंगरावरचं पठार, लहानपणापासनं बघितलाय. वर जांभ्याची टोपी असते, ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळाभर खाली सोडते. टोपी काढली की खालची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. ट्रक बेळगावला, धूळ आमच्या काजूवर. मोहोरावर लाल थर बसला की फळ धरत नाही, हे कुठल्या मायनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं?

2015 पासून कायद्यानं खनिज प्रतिष्ठान आहे, बॉक्साईटसारख्या खनिजाच्या जुन्या पट्टेवाल्यांनी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातल्यांनी 10 टक्के द्यायचे, बाधित गावांसाठी. बाधित गाव म्हणजे आम्हीच ना? आमच्या वाडीला आजही टँकर येतो.

सगळे म्हणतात परवाना लवकर द्या. मी म्हणते खण संपल्यावर खड्ड्याचं काय करणार ते आधी लिहून घ्या, मग सही करा.

रंकाळ्याचा वारा

ताई, खड्ड्याची एवढी भीती कशाला? अख्खं कोल्हापूर खणीवर उभं आहे. रंकाळा ही मूळची दगडाची खणच, असं जुनी माणसं सांगतात. शहरातली इराणी खण नसती तर गणपती विसर्जनाला काय केलं असतं? खण वाईटच असं काही नाही.

पंचगंगा घाट

इराणी खणीचं नाव काढलंत म्हणून बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या पंचगंगेवर विसर्जन होतंय, ते बंद पाडून मूर्ती खणीत नेताय. नदी घाण होते ती मूर्तीनं का? वर्षभर नाल्यांचं सांडपाणी मिसळतंय ते आधी अडवा, मग देवाला हात लावा.

रंकाळ्याचा वारा

सांडपाणी अडवायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण म्हणून प्लॅस्टरच्या मूर्ती नदीत सोडायच्या? दुसऱ्या दिवशी घाटावर गेलाय कधी? हात तुटलेल्या मूर्ती पायऱ्यांवर पडलेल्या बघवतात तुम्हाला? खणीत निदान तराफे आहेत, महापालिकेची माणसं आहेत, गाळ काढता येतो.

पंचगंगा घाट

मला शिकवू नका. आमचं घर घाटाच्या जवळ, 2019 आणि 2021 ला महापुराचं पाणी बघितलंय आम्ही दारात. नदीवर प्रेम कुणाचं ते तुम्ही ठरवणार? शाडूची मूर्ती आणा, नदीतच सोडा. साधं आहे.

सड्यावरची

अहो, विषय काय, चाललाय कुठं! मी बंद पडलेल्या खणीचं विचारलं आणि तुम्ही मिरवणूक काढली.

रंकाळ्याचा वारा

विषय तोच आहे. शहरातली खण विसर्जनाला तरी उपयोगी पडली. टोप गावच्या खणीत महापालिकेचा कचरा टाकायचा म्हटल्यावर गावानं किती वर्षं कोर्टकचेरी केली आठवा. म्हणजे खणीचं पुढं काय हे आधी न ठरवल्यानं भांडण होतं, हे ताईंचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय.

पंचगंगा घाट

शाडूचं मात्र कोण बोलत नाही. असो.

टोपची सून

टोपचं नाव निघालं म्हणून लिहिते. दुपारी सुरुंग लागला की मांडणीवरचे डबे हलतात, भिंतीला चीर गेलीय, ती दरवर्षी सिमेंटनं भरतो. डबरवाले दादा, सुरुंगाच्या खणीपासनं घरापर्यंतचं 200 मीटरचं अंतर तुम्ही कुठनं मोजता? खणीच्या कडेपासनं का पट्ट्याच्या हद्दीपासनं? आमच्याकडं मोजायला आलेले कडेपासनं मोजून गेले. नंतर कड पुढं सरकत सरकत आमच्या परड्याच्या अंगाला आली. आता परत मोजायला कोण येतंय?

डबरवाला

वहिनी, बऱ्याच ठिकाणी खण आधीची आणि घरं नंतरची असतात हेही बघा. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनी खणीजवळ घरं बांधू दिली.

टोपची सून

आमचं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं आहे. सांगा आता, आधी कोण?

डबरवाला

मग तुमचं बरोबर. अंतर हद्दीपासनंच मोजायला पाहिजे, आणि ते मोजायचं काम साहेबांचंच.

खणीकाठचा

हद्दीपासनंच, मी तेच धरत आलोय. पण वहिनींचा खरा प्रश्न दुसरा आहे, परत कोण येतंय हा. पंधरा दिवसांत परवाना द्या म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की आमचा सगळा वेळ परवान्याच्या आधीच्या कागदांत जातो. परवाना दिल्यावर कड किती सरकली, किती ब्रास निघालं, हे बघायला हातात माणूस उरत नाही. ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणीच्या मशीननं मोजणी होते, चांगली होते, पण जून ते ऑक्टोबर खणीत पाणी भरलेलं असतं. तळ दिसत नाही, मग खोली गेल्या मोजणीवरनं धरायची, आणि तिथंच पट्टेदार आणि आमच्यात भांडण लागतं. ही पदं बंद केली तर वहिनींच्या परड्यापाशी येणारा होता तो एकही माणूस जाईल.

डबरवाला

पदं बंद करा हे मी मागं घेतो. आधीच्या चकरा कमी करा आणि नंतरची तपासणी वाढवा, हे माझं म्हणणं कायम. दरवर्षी मे महिन्यात, खण कोरडी असताना, पट्टेदार, ग्रामपंचायतीचा एक माणूस आणि तुमचा माणूस मिळून मोजणी करा, माझी ना नाही. पण ओढ्यातल्या जेसीबीवाल्याकडं पण त्याच आठवड्यात जायचं.

सड्यावरची

आणि चंदगडला? तिथं मेमध्ये विहिरी बघायला या, खणी नंतर.

खणीकाठचा

बॉक्साईटचा मायनिंग प्लॅन केंद्राच्या भारतीय खाण ब्युरोकडनं मंजूर होतो, तिथं माझी सही चालत नाही. पण खनिज प्रतिष्ठानच्या कामांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातच बनते. तुमच्या वाडीचा पाण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या, विहिरींची मार्चमधली पातळी त्यात लिहा आणि प्रत आवक-जावकला शिक्का मारून द्या. शिक्का नसलेला कागद कुणी शोधत बसत नाही.

सड्यावरची

ठराव दोनदा दिलाय. शिक्का आहे. फोटो इथंच टाकते, थांबा.