मदत हवी आहे: बार्बरचं आर्ट साँग गाताना पियानोसाठी थांबायची सवय कशी मोडू?

नमस्कार मंडळी,

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. बारा वर्षं ख्याल शिकलेय, आणि गेल्या सप्टेंबरपासून इथे संध्याकाळच्या वर्गात पाश्चात्त्य गाणं शिकतेय. वर्गाच्या कार्यक्रमासाठी बाईंनी मला अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरचं 'शुअर ऑन धिस शायनिंग नाइट' दिलंय. कविता जेम्स एजीची, चाल १९३८ची, एक गळा आणि एक पियानो; अशा गाण्याला आर्ट साँग म्हणतात. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं, पण ऐकल्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. बार्बर शिकला इथल्याच कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये, आणि स्वतः बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या आवाजाचा गायक, होता. गळ्याची जाण असलेल्या माणसाने चाल बांधलीय हे गाताना जाणवतं.

अडचण अशी आहे. पियानोचे कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) सारख्या लयीत, संथ चालू असतात. त्यावर मी ओळ उचलते आणि थोड्याच वेळात पियानोच्या उजव्या हातातून तीच चाल माझ्यामागून येते. याला कॅनन म्हणतात, हे मला माहीत आहे. पण माझा कान त्याला पेटीची साथ समजतो! पेटीवाले काका आपल्या मागोमाग येतात, आपण रेंगाळलो तर तेही रेंगाळतात. इथे मी शब्दाच्या टोकाला नकळत थांबते, तोवर कॉर्ड पुढे गेलेले असतात. परवा पियानो वाजवणाऱ्या दादाने माझ्या प्रतीवर तीन ठिकाणी पेन्सिलीने बाण काढले आणि खाली लिहिलं, 'थांबू नकोस, मी येतोय.' तरी काल दुसऱ्या बाणापाशी पुन्हा थांबलेच.

बाकीचं हळूहळू जमतंय. 'नाइट'मधला आकार लांबवायचा आणि ई शेवटी नुसती स्पर्शून सोडायची, हे आपल्या रियाजामुळे पहिल्याच दिवशी आलं. गंधाराने मात्र छळलं. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्यामुळे माझा उतरलेला वाटायचा. आता रोज दहा मिनिटं कॉर्ड दाबून त्यावर सरगम म्हणते.

दोन्हीकडचं गाणाऱ्यांना विचारायचंय: मात्रा मोजल्या तर माझी ओळ तुटते, नाही मोजल्या तर मी थांबते. मग पियानोची मागून येणारी ओळच आधी पाठ करावी का? की कुणाला तरी माझी ओळ गायला लावून आपण मागून गावं? मनातल्या मनात तीनताल धरायचा प्रयत्न केला, त्याने गोंधळच वाढला.

उन्हाळ्याच्या रात्री ताऱ्यांखाली एकट्याने चालताना नवलाने डोळे भरून येतात, अशी ती कविता आहे. तिथे माझी मोजणी ऐकू येऊ नये एवढीच इच्छा आहे. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत. रोज सकाळी अर्धा तास देऊ शकते, तेव्हा त्यात बसेल असा रियाज सुचवा, प्लीज.