विषय: सबासबाची सहल – क्रेटरमध्ये गाड्या चार की पाच? शुक्रवारपर्यंत सांगा

सहलप्रमुख, सोमवार रात्र

मंडळी नमस्कार,

सबासबाच्या, म्हणजे ७ जुलैच्या सुट्टीला दार-एस-सलामहून उत्तर टांझानियातलं न्गोरोंगोरो क्रेटर बघायला जायचं, त्यासाठी नावं २६ झाली. त्यात मुलं ७ आणि आजी-आजोबा ५. आपली नेहमीची कोस्टर (मिनीबस) क्रेटरजवळच्या कराटू गावापर्यंतच येणार, खाली न्गोरोंगोरोत फोर बाय फोरशिवाय सोडत नाहीत. कराटूच्या गाडीवाल्याला शुक्रवारी आकडा द्यायचाच आहे. गेटवर रोख चालत नाही, कंट्रोल नंबर (सरकारी बिलाचा क्रमांक) काढून तो आधी पैसे भरणार.

प्रवेश फी माणशी आहे, त्यात काही फरक पडत नाही. पण खाली उतरायचे २९५ डॉलर गाडीमागे आहेत. चार गाड्या केल्या तर ११८०, पाच केल्या तर १४७५. भाडं वेगळं. चार म्हणजे ७-७-६-६. पाच म्हणजे एकीत ६, बाकीच्यांत ५-५. आपापलं मत कळवा.

मसाकीच्या तीन घरांकडून रेसिडेंट परमिटच्या प्रती अजून आलेल्या नाहीत.

खजिनदार, सोमवार रात्र

चार. लँड क्रुझरला सात सीट असतात, त्या सातही भरायच्या. मिकुमीच्या सहलीच्या वेळी झालं ते पुन्हा नको. तेव्हाचा पैशांचा खड्डा गणपतीच्या वर्गणीतून बुजवावा लागला आणि सार्वजनिक पैशाचं उत्तर मला द्यावं लागतं.

उपांगाच्या वहिनी, मंगळवार सकाळ

माझ्या सासूबाई येणार आहेत. क्रेटर म्हणजे लोणारसारखंच ना? लोणारला उतरताना त्यांचे गुडघे इतके भरून आले की दोन माणसांनी हाताला धरून वर आणलं. इथे चालायचं किती आहे? चालणं असेल तर त्यांचं नाव काढा.

अरुषाचे काका, मंगळवार सकाळ

वहिनी, नाव काढू नका, पायी एक पाऊलही उतरायचं नाही. गाडीतूनच खाली जायचं, गाडीतच बसायचं, गाडीतूनच वर यायचं. मधे पाय टेकवायला मिळतो तो ठरलेल्या पिकनिकच्या जागांवर, लेराईच्या झाडीपाशी आणि न्गोइतोकितोकच्या तळ्याकाठी. स्वच्छतागृहंही तिथेच. बाकी कुठेही दार उघडायचं नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना वारंवार जावं लागतं, त्यांच्या घरच्यांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं. दोन जागांमध्ये तास-दीड तास सहज जातो, समोर सिंह असला तर जास्तच.

बुलढाण्याचे (आता टांगा शहरात), मंगळवार दुपार

फक्त लोणारपुरतं लिहितो. लोणार ज्वालामुखीचं नाही, उल्कापाताचं विवर आहे, बेसॉल्टच्या खडकात पडलेलं. व्यास साधारण १.८ किलोमीटर. न्गोरोंगोरो हा ज्वालामुखी, आतला लाव्हा निघून गेल्यावर माथा खाली बसला तो. रुंदी १९ किलोमीटरच्या आसपास, खोली सहाशे मीटर. दोन्हींची बरोबरी करू नये. माझं आजोळ लोणारपासून अर्ध्या तासावर आहे आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा मामांनी बाटलीत भरून ठेवलं होतं.

मोशीच्या ताई, मंगळवार दुपार

बरोबरी आहे की! दोन्हीकडे पाणी खारं, सोड्याचं. क्रेटरच्या तळाशी मगाडी तळं आहे, त्याच्या कडेला पांढरी खपली धरते आणि रोहित पक्षी येतात ते त्या पाण्यातल्या शेवाळासाठी. लोणारच्या पाण्यातही तसंच शेवाळ वाढतं.

खजिनदार, मंगळवार संध्याकाळ

विषय गाड्यांचा आहे. आतापर्यंत एकाच घराने मत दिलंय, आणि ते माझं.

मोशीच्या ताई, मंगळवार रात्र

मग माझं घ्या: पाच. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाचं कुटुंब पुण्याहून आलं होतं, आम्ही एका गाडीत सातजण बसलो. पाठवलेल्या गाडीचं छत अर्धंच वर जात होतं, खिळ गंजलेली. सिंहीण डाव्या अंगाला, रस्त्याला लागून, तीन पिल्लं अंगावर चढतायत. डावीकडच्यांना खिडकी, उजवीकडचे उभे राहिले तर डोकं पत्र्याला. माझी भाची अकरा वर्षांची, तिने काय पाहिलं असेल तर आपल्या बाबांच्या जॅकेटची पाठ. परत येताना ती कोणाशी बोलली नाही. मुंबईहून थेट विमान झाल्यापासून कितीतरी जणांचे पाहुणे येतायत, आणि तेही असंच पाहून जाणार का? गाडी ठरवताना छत पूर्ण उघडून दाखवायला सांगा, आणि पाचच्या वर एकही माणूस नको.

अरुषाचे काका, बुधवार सकाळ

ताईंचं बरोबर आहे. ज्यांना मधली सीट मिळते त्यांना दिवसभर मानच वाकडी करावी लागते.

मला त्याहून काळजी वेळेची आहे. सकाळी सहाला खाली उतरायला सोडतात. त्यासाठी कराटूतून पाचच्या आत निघायला हवं. कराटू ते लोडुआरे गेट अर्धा तास, मग काठावरून धुक्यातला रस्ता, दोन हातांवरचंही दिसत नाही. पहिल्या दोन तासांत सिंह हिंडताना दिसतात, नऊनंतर गवतात आडवे होतात आणि गाड्यांची रांग लागते. दार-एस-सलामहून आदल्याच दिवशी येऊन दुसऱ्या पहाटे हे करायचं म्हटलं तर आजी-आजोबांचे हाल होतील. अरुषात एक मुक्काम धराच.

आणि थंडी. दार-एस-सलामच्या घामात निघताना कोणाला खरं वाटत नाही. काठ २३०० मीटरवर आहे, जुलैत पहाटे हात सुन्न होतात. कानटोपी, स्वेटर, मोजे.

किसुटूची आई (मुलं ९ व ६), बुधवार दुपार

आमच्या दोघांनी ट्विगाची चित्रं काढून भिंतीला लावली आहेत. जिराफ पहिल्याच तासात दिसेल ना?

अरुषाचे काका, बुधवार दुपार

क्रेटरच्या आत जिराफ नाहीत. कडे उभे आणि खाली त्यांच्या खाण्याची झाडं पुरेशी नाहीत. इम्पालाही नाहीत. मुलांना आधीच सांगा, नाहीतर ती दिवसभर तेच शोधत बसतील. जिराफ वाटेत दिसतात, माकुयुनीच्या फाट्यापासून म्टो वा म्बूपर्यंत खिडकीला बसवा. आत टेंबो (हत्ती), न्यूंबू (विल्डबीस्ट), पुंडामिलिया (झेब्रे) भरपूर. किफारू असतो तो काळा गेंडा, तोही लांब, गवतात काळ्या दगडासारखा. साठच्या दशकात इथे शंभरावर होते, चोरट्या शिकारीने बोटांवर मोजण्याइतके उरले. म्हणून तो दिसला की घाई करू नये, दुर्बीण एकेकाच्या हातात नीट फिरवावी. दुर्बिणी कोणाकडे आहेत?

किसुटूची आई, बुधवार रात्र

सांगितलं. धाकटा रडला, मग म्हणाला वाटेतला चालेल. आमच्याकडे एक दुर्बीण आहे.

उपांगाच्या वहिनी, बुधवार रात्र

डब्याचं माझ्याकडे द्या. थालीपीठ, दही-भात, चटणी, सगळं पहाटे बांधते. दर वेळी मीच करते, या वेळी दुसऱ्या कोणाकडे देऊ नये ही विनंती. छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या लागतील, कोणी आणेल का?

मोशीच्या ताई, गुरुवार सकाळ

वहिनी, प्लास्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून इथे बंदी आहे. केळीची पानं मी मोशीहून घेऊन येते, हवी तितकी. बाकी स्टीलचे डबे.

आणि थालीपीठ गाडीबाहेर उघडू नका. न्गोइतोकितोकला घारी असतात. आमच्या भावाने तळ्यातले पाणघोडे बघत बघत वड्याचा घास तोंडाकडे नेला आणि मागून वारा आल्यासारखं झालं. वडा गेला, अंगठ्यावर नखाचा ओरखडा, रक्त आलं. जेवण गाडीत, काचा वर करून. मुलांच्या हातात तर बाहेर काही द्यायचंच नाही.

उपांगाच्या वहिनी, गुरुवार सकाळ

बंदीचं मला माहीत आहे ताई, सुट्या पिशव्या म्हणत होते. पानं आणा, चाळीस तरी.

निवृत्त गुरुजी, गुरुवार दुपार

इतकं लांब जातोय तर ओल्डुवाई घळ करावी. १९५९ साली मेरी लीकी यांना तिथे झिंजांथ्रोपस या आदिमानवाची कवटी मिळाली. मुलांना हे पाहायला मिळालं पाहिजे.

सहलप्रमुख, गुरुवार दुपार

गुरुजी, यावेळी नाही, दिवस पुरत नाही. कोस्टरमध्ये अरुषा ते कराटू तुम्ही मुलांना याबद्दल सांगाल का? वेळ माझ्याकडून पक्की.

अरुषाचे काका, गुरुवार संध्याकाळ

गाड्यांबद्दल शेवटचं. पाचही आजी-आजोबा पूर्ण दिवस धुळीत आणि धक्क्यांत बसू शकणार नाहीत. ते चार गाड्यांत वाटले तर दुपारी एक आजी थकली की तिची अख्खी गाडी वर जाणार, आणि पुन्हा उतरायचं तर परत २९५. मग सगळे गप्प बसून तिच्याकडे बघणार, आणि आजी म्हणणार मी ठीक आहे. माझ्या आईने असंच केलं होतं. संध्याकाळी तिचे पाय सुजले होते आणि मला पायरीवर चप्पल काढतानाच कळलं.

पाचवी गाडी त्यांची करा. पाच आजी-आजोबा आणि सोबत घरचं एक माणूस. सकाळी सगळ्यांबरोबर उतरायचं, लेराईत चहा, बाराला वर, कराटूत जेवून आडवं व्हायचं. सोबतीला मी बसतो, मी खूप वेळा पाहिलंय. माझं नाव २६ मध्ये आहेच.

खजिनदार, गुरुवार रात्र

हिशोब पुन्हा केला. पाचवीचे २९५ सव्वीस जणांत वाटले तर माणशी साडेअकरा डॉलरच्या आत. शिवाय पाचवीचं भाडं, पण गाडीवाला अर्ध्या दिवसाचं कमी लावेल का ते विचारा. कमी लावत असेल तर माझी पाचाला संमती. आजींची गाडी हे आधी कोणी लिहिलं नव्हतं म्हणून चार म्हणत होतो. पैसे सहलीआधी जमा झाले पाहिजेत, मिकुमीसारखे नंतर नाहीत.

सहलप्रमुख, शुक्रवार सकाळ

गाडीवाल्याशी बोललो. भाडं थोडं कमी करतोय, छत उघडून व्हिडिओही पाठवला, पाचही गाड्यांचा. पाच पक्क्या. आजींच्या गाडीत सहाजण, बाकी चारांत पाच-पाच. मुलं चारांत वाटली आहेत, दर गाडीत एक तरी दुर्बीण हवी, आत्तापर्यंत दोनच आहेत.

मसाकीकर, परमिटच्या प्रती आज दुपारपर्यंत. तुमच्यामुळे कंट्रोल नंबर अडलाय.