कौलारू माळ्याला उष्णतेसाठी आतून काय घालावं? वाळवीचा भाग आहे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, मातीतलं बांधकाम, वर आईनाच्या लाकडाचे वासे, त्यांवर आडव्या रिपा (कौलं टेकतात त्या पट्ट्या) आणि मंगलोरी कौलं. माळ्यावर पूर्वी नारळ नि अडगळ असायची. आता धाकटा भाऊ घरूनच नोकरी करतो आणि मोबाईलची रेंज धड मिळते ती फक्त माळ्यावर, म्हणून त्याचं टेबल तिथेच मांडलंय. मार्चपासून दुपारी तिथे बसवत नाही. कौलं तापतात, पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. एसीचा विचारही केला नाही, कौलांच्या फटींतून थंडावा राहणार कुठे?

तर कौलांखाली काहीतरी घालायचंय. अडचण वाळवीची आहे.

दिवाळीच्या साफसफाईत मागच्या भिंतीच्या माथ्यावरून वाशावर चढलेली मातीची रेघ दिसली, पेन्सिलीएवढी जाड. खरवडली तर आत पांढरे किडे पळत होते. वासा दिसायला धडधाकट, पण भिंतीवर टेकलेल्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. गाभा शाबूत आहे, बाहेरचं कोवळं लाकूड पोखरलंय. आणखी दोन वाशांची हीच गत. ही जमिनीतून येणारी वाळवी. तिला ओल लागते, म्हणून ती मातीच्या नळीतून ये-जा करते. आमच्या भिंती मातीत रचलेल्या, त्यामुळे ती आतल्या आत वरपर्यंत येते आणि उजेडात निघते ती थेट वाशापाशी. ती रेघ दिसली म्हणून कळलं. म्हणूनच माझा पहिला निकष हा आहे, की काहीही घाला, वाशांची टोकं आणि भिंतीचा माथा उघडा राहिला पाहिजे.

एका ठेकेदाराने कौलांच्या खालून पीयू फोम (फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा फेस) फवारायला सांगितलंय. गारवा येईल, गळतीही थांबेल म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. फोम वाळवी खात नाही हे खरं, पण ती त्यातून बोगदे काढते आणि वासा एकदा फोमखाली गेला की आत काय चाललंय ते कोणाला दिसणार? अमेरिकेत जिथे वाळवीचा उपद्रव फार आहे तिथे पायाशी जमिनीखाली फोम घालायला बांधकाम नियमांत सहसा मनाई असते, तीही यासाठीच. शिवाय एक कौल फुटलं तर ते बदलायचं कसं? थर्माकोलच्या शीटलाही माझा हाच आक्षेप आहे.

जिप्समचं सीलिंग नको, त्याच्या दोन्ही बाजूंचा कागद म्हणजे वाळवीला आयतं जेवण. प्लायवूड आणि काथ्याच्या चटयाही त्यातच आल्या.

उरतात दोन पर्याय. एक, वाशांच्या मधल्या गाळ्यांत रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) स्लॅब आणि खालून काढता येणारी पीव्हीसी पॅनेल. रॉकवूल दगडाचं, त्यात वाळवीला खायला काही नाही. पण आमच्याकडे पाऊस तिरपा मारतो, कौलांतून तुषार येतातच. ओली झालेली लोकर उष्णता अडवत नाही, आणि ओल धरून ठेवली तर वाळवीची सोयच होणार. शिवाय उंदीर आहेत.

दुसरा, ॲल्युमिनियमचा बबल फॉइल (हवेच्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकवर चकचकीत पत्रा चिकटवलेला). तो वाशांच्या खालच्या अंगाला ताणून बसवायचा, म्हणजे कौलांपर्यंत हवेची पोकळी मिळते. चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर हवा नसेल तर फॉइल काहीच काम करत नाही, हे बऱ्याच ठिकाणी विसरतात. आढ्याशी आणि वळचणीशी फट सोडली की गरम हवा वरून निघून जाईल. भिंतीपासून वीतभर अंतर सोडायचं आणि तुकडे स्क्रू-पट्टीने लावायचे, म्हणजे वर्षातून दोनदा सोडवून बघता येतील. माझा कल याकडे आहे.

त्याआधी वाळवीचा उपाय करणारच. आयएस ६३१३ (इमारतींतल्या वाळवीच्या बंदोबस्ताचं भारतीय मानक) याच्या भाग ३ प्रमाणे, जो आधीच बांधलेल्या इमारतींसाठी आहे, भिंत आणि जमीन मिळते तिथे फूटफूटभर अंतरावर भोकं पाडून औषध ओतायचं, आणि टोकं सडलेल्या वाशांना नवीन जोड द्यायचा. लाकडाला बोरॅक्स लावा असं काहींनी सुचवलं, पण ते पाण्याने धुपून जातं. वळचणीला त्याचा भरवसा धरवत नाही.

आता विचारायचंय ते असं. कोकणात किंवा गोव्यात मंगलोरी कौलांखाली असा फॉइल कुणी लावलाय का? दुपारी फरक जाणवण्याइतका पडतो, की नावापुरता? खालून लावलेल्या फॉइलवर पावसाळ्यात कौलांतलं पाणी साचून झोळ येतो का, आणि आलाच तर ते वळचणीकडे कसं काढलंत? मातीतल्या जांभ्याच्या भिंतीत भोकं पाडताना चिरे हलले किंवा औषध भलतीकडेच वाहून गेलं, असा कोणाचा अनुभव आहे का? आमची विहीर मागच्या भिंतीपासून जवळ आहे, म्हणून ही धास्ती मोठी. विहिरीच्या बाजूला औषध न घालता काय करता येईल तेही सांगा.

जोडाला वाळलेलं आईन मिळत नाहीये. किंजळाचं लाकूड चालेल का? आणि लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल अजून कोणी लावतं का, लावत असाल तर किती हात आणि किती वर्षांनी?

सगळे वासे काढून लोखंडी पाइप घाला, हा सल्ला मिळाला आहे. बाकीचे वासे उत्तम आहेत, ते काढायचे नाहीत.

काम मिरगाच्या आत उरकायचंय, सुतार मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतोय. तोपर्यंत कळलं तर फार मदत होईल. वाशाच्या टोकाचे फोटो हवे असतील तर टाकते.