भाऊ अमेरिकेतून येतोय, ३० डॉलरच्या आतली राय व्हिस्की कोणती सांगू? आणि चाखून ठरवायचं कसं?

तापीकाठ_जळगाव

राम राम मंडळी. लहान भाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात घरी येतोय. दरवेळी येताना स्कॉच आणतो, यंदा मीच म्हटलं की भो, राय आण. पुण्याला एका मित्राकडे एक घोट मिळाला होता, आधी नाकात काळी मिरी कुटल्यासारखा वास गेला, मग गोडसर काहीतरी आलं आणि शेवटी परत तिखट, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

बजेट एका बाटलीला ३० डॉलरच्या आत. तो एकटाच येतोय म्हणजे ड्युटी फ्री २ लिटर, ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात आणि मग कस्टमला थांबा. त्याने दुकानातून फोटो पाठवले त्यात ओल्ड ओव्हरहोल्ट, रिटनहाऊस, वाइल्ड टर्की १०१ राय आणि बुलेट राय अशा चार होत्या. यातल्या दोन कोणत्या?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. आम्ही चौघं मित्र बसणार, सगळ्यांकडे परमिट आहे. यावेळी नुसतं प्यायचं नाहीये, चव नीट समजून घ्यायचीय आणि दोन्हीतली कोणती चांगली हे ठरवायचंय. आपल्याकडे बसलं की समोर शेवभाजी, ग्लासात बर्फ आणि सोडा, मग चव कळणार कुठून. एक मित्र म्हणतो स्मूद असली की झालं, दुसरा म्हणतो लाथ मारली पाहिजे. मला दोघांचंही पटत नाही पण मग बघायचं काय ते कुणीतरी सांगा.

धुळ्याची_ओहायोत

दादा, मी मूळची धुळ्याची, आता सिनसिनाटीजवळ राहते. इथून इंडियानातलं लॉरेन्सबर्ग गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि तुमच्या चारपैकी बुलेट बराच काळ तिथूनच येत आलीय, म्हणून लिहिते.

अमेरिकेत लेबलवर राय व्हिस्की लिहायचं तर धान्याच्या मिश्रणात निदान ५१ टक्के राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, लागते आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. पुढे स्ट्रेट लिहिलं असेल तर निदान २ वर्षं पिंपात, आणि रंग किंवा चव वरून घातलेली चालत नाही. ४ वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर वय छापावंच लागतं, म्हणजे स्ट्रेट रायवर वय नसेल तर ४ किंवा जास्त धरायला हरकत नाही. एवढं नुसतं लेबलवरून कळतं, त्यामुळे स्वस्त बाटलीतही तुम्हाला नक्की काय मिळतंय याचा अंदाज येतो.

आता खरा फरक. केंटकी राज्यातले डिस्टिलरीवाले बहुतेक राय ५१ टक्क्यांच्या जरा वरच ठेवतात, बाकी मका आणि माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, जव. रिटनहाऊस, वाइल्ड टर्की, ओव्हरहोल्ट तिन्ही याच घरातल्या. मका भरपूर म्हणून गोडवा, कॅरमेल, व्हॅनिला, आणि त्यावर मसाला. लॉरेन्सबर्गच्या त्या मोठ्या डिस्टिलरीची रेसिपी ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट केलेलं जव, मका नाहीच. तिथून माल घेऊन आपापल्या नावाने विकणारे ब्रँड खूप आहेत. तिची चव पार वेगळी, हिरवी म्हणा, पुदिना, आणि चक्क शेपू. माझ्या सासूबाई शेपूची भाजी करायच्या तो वास मला या व्हिस्कीत येतो आणि मला तो आवडतो, शेपू न आवडणाऱ्याला कदाचित त्रास होईल.

म्हणून माझं म्हणणं, केंटकीच्या दोन आणू नका. एक केंटकीची आणि एक ९५ टक्केवाली आणा, शेजारी शेजारी ठेवली की मका काय करतो आणि राय काय करते हे एका संध्याकाळी कळेल. केंटकीतून रिटनहाऊस घ्या. ती बॉटल्ड इन बाँड आहे, १८९७ चा कायदा, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, निदान ४ वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. या पैशात यापेक्षा जास्त खात्री मिळत नाही. दुसरी बुलेट. बाटली फिरवून मागे इंडियाना लिहिलंय का ते भावाला बघायला सांगा. न्यू जर्सीत खाजगी दुकानं असतात, दोन दुकानांत भाव वेगळे निघतात, एका ठिकाणी महाग वाटली तर दुसरीकडे विचारायचं.

जंक्शनवाला

भुसावळहून. ताईंनी बाटल्या सांगितल्या, मी चाखण्याचं सांगतो कारण आपल्याकडच्या हवेत ते तिथल्यासारखं जमत नाही.

बरं झालं डिसेंबर आहे. मे मध्ये ४४-४५ डिग्रीत खोलीत ठेवलेली बाटली उघडून ग्लासात ओतली तं वर फक्त अल्कोहोल उडतं, नाक जळतं, बाकी काही कळत नाही आणि लोक म्हणतात व्हिस्की कडक आहे. थंडीत उलटं होतं, गच्चीवर बसलात रात्री दहाच्या आसपास पारा आला की वास बंद पडतो. खोलीत बसा, वीस-बावीस डिग्री मस्त. बर्फ नको, सोडा तं अजिबात नको.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता पाहिजे, तो नसेल तं लहान वाईन ग्लास चालतो. स्टीलचा नको, रंग दिसत नाही. प्रत्येकाला २० मिली पुरे. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. मग नाक ग्लासात खुपसायचं नाही, कडेवर धरायचं आणि तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्यायचा, त्याने जळजळ कमी होते. पहिला घोट फक्त तोंड तयार करायला, त्यावरून मत बनवूच नका, ५० टक्क्यांचा पहिला घोट सगळ्यांनाच लागतो. दुसऱ्या घोटापासून बघायचं. जिभेवर पुढे काय, मधे काय, गिळल्यावर काय, आणि गिळल्यावर किती वेळ राहतं. स्वस्त आणि चांगली यातला फरक मला तरी या शेवटच्या भागातच सापडतो. वाईट व्हिस्कीत जळजळ गेली की मागे काही नसतं, किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी कडवट चव राहते. चांगल्या रायमध्ये जळजळ उतरल्यावर लवंग, दालचिनी, मिरी, थोडा जळका गूळ असं एकामागून एक येत राहतं. तुमच्या दोन्ही मित्रांना हेच सांगा. स्मूद आहे का आणि लाथ मारते का हे दोन्ही प्रश्न जळजळीबद्दलचे झाले, जळजळ संपल्यावर काय उरलं ते विचारा.

पाणी घालून पण बघायचंच. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, अंदाजे घालू नका. ५० टक्क्यांच्या ३० मिलीत ५ मिली पाणी घातलं की साधारण ४३ टक्के होते. बोअरचं जड पाणी नको, जारचं किंवा फिल्टरचं घ्या. काही व्हिस्की पाण्याने उघडतात, काही पाणचट होऊन बसतात, आणि बाटलीची लायकी तिथे दिसते. बुलेट ४५ टक्क्यांची आहे म्हणून पहिल्यांदा दोन्ही जशाच्या तशा घ्या आणि मग दोन्ही ४३ वर आणून परत घ्या, नाहीतर जास्त अल्कोहोलची आपोआप भारी वाटते.

आणि लपवून चाखा. एकाने आत ओतायचं, ग्लासाखाली नंबर लिहायचा, बाकीच्यांनी आपापल्या कागदावर लिहायचं आणि लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने मोठ्याने व्हॅनिला म्हटलं की चौघांना व्हॅनिला येतो.

शेवभाजी नंतर. तिखटातलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल जिभेवरच्या एकाच ठिकाणाला डिवचतात, उष्णता ओळखणाऱ्या, म्हणून काळ्या मसाल्यावर ५० टक्क्यांची व्हिस्की म्हणजे नुसती आग, रायचा मसाला त्यात पार हरवतो. चाखताना कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी, बस.

सातपुडा_पायथा

नंदुरबार. ताई आणि जंक्शनभाऊ दोघांचं वाचलं, बरंचसं पटलं, पण ओव्हरहोल्टला कुणी विचारलंच नाही हे मला पटलं नाही.

चौघींत बहुतेक ठिकाणी तीच स्वस्त. साधी आता ४३ टक्क्यांवर आहे, आधी ४० होती, २०२० मध्ये वाढवली आणि थंड करून गाळणं पण बंद केलं, त्यामुळे अंगात थोडा भरणा आला. तिची बॉटल्ड इन बाँड पण मिळते, ५० टक्क्यांची, ती ३० च्या आत मिळाली तर साधीऐवजी तीच घ्या. आणि या नावामागे रायचा सगळा इतिहास आहे. अब्राहम ओव्हरहोल्ट पेनसिल्व्हेनियातला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं त्यांच्या घराचं काम, तेव्हा अमेरिकेची राय म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची, केंटकीचं नाव त्यात नंतर आलं. १९२० ला दारूबंदी आली तेव्हा कंपनीत मोठा वाटा अँड्र्यू मेलनचा होता आणि तोच १९२१ ला अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. बंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की विकायची परवानगी मोजक्या कंपन्यांना होती, त्यात ओव्हरहोल्ट तगली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचं परमिट आजही तब्येतीच्याच कारणाने देतात, त्यामुळे ते वाचताना मला फार जवळचं वाटलं. १९३३ ला बंदी उठली पण पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक डिस्टिलऱ्या पुढे हळूहळू बंद पडल्या, राय मागे पडली आणि मुख्यतः मक्याची बोर्बन व्हिस्की पुढे गेली. आज ओव्हरहोल्ट जिम बीमवाले केंटकीत बनवतात. रिटनहाऊसचं पण तसंच, नाव फिलाडेल्फियातल्या चौकाचं आणि माल केंटकीतला, हेवन हिलचा.

हे सांगायचं कारण असं की स्वस्त राय ही मुळात साध्या माणसाची रोजची व्हिस्की होती. राय गरीब जमिनीत, थंडीत, गव्हाला जिथे जमत नाही तिथे येते, आपल्याकडे बाजरी येते तशी. उलट डिस्टिलरीत ती त्रास देते, घोळ चिकट होतो, फेस येतो, भांडं उतू जातं. तरी लोकांनी सोडली नाही ते चवीसाठी. आमच्या भागात मोहाची गाळतात, चांगली गाळणारा पहिली धार बाजूला टाकतो, मधली ठेवतो, शेवटची परत टाकतो, आणि मधल्या धारेला फुलाचा वास राहिला पाहिजे यावर म्हातारी माणसं अडून बसतात. धान्याचा वास राहिला का, हे रायला पण विचारा. पिंपाची व्हॅनिला कुठल्याही नव्या ओकमधून मिळते. त्याच्याखाली राय जिवंत आहे का, ओल्या धान्याचा, भाजलेल्या भाकरीच्या कडेचा वास येतो का ते बघा. मन्हं म्हननं इतलंच शे.

तापीकाठ_जळगाव

भो, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं भावाला पाठवलं.

ताई, एक शंका. वाइल्ड टर्की १०१ बद्दल कुणीच बोललं नाही, भाऊ म्हणतो तिकडे त्याच्या मित्रांत तिचंच नाव आहे. आणि ९५ टक्केवालीत शेपू खरंच एवढा येतो का? माझ्या घरात शेपू आठवड्याला होतो आणि एका मित्राला तो वास चालत नाही.

धुळ्याची_ओहायोत

येतो पण प्रत्येकाला नाही. काहींना पुदिना वाटतो, काहींना बडीशेप. ज्याला शेपू चालत नाही त्याला आधी काही सांगू नका, नंबरवर चाखू द्या आणि त्याने काय लिहिलं ते इथे टाका, मला खरंच जाणून घ्यायचंय.

वाइल्ड टर्की १०१ म्हणजे ५०.५ टक्के. ते पिंपं आतून जास्त जाळतात आणि पिंपात भरताना अल्कोहोल कायद्याने चालणाऱ्या जास्तीत जास्त ६२.५ ऐवजी ५७.५ टक्क्यांवर भरतात, म्हणजे नंतर पाणी कमी घालावं लागतं आणि पिंपातली चव जास्त शाबूत राहते. रिटनहाऊसपेक्षा मिरी जास्त, गोडवा जरा कमी, मला दोन्ही सारख्याच आवडतात. रिटनहाऊस संपली असेल किंवा त्या दुकानात महाग लावली असेल तर बिनधास्त ती. फक्त ८१ नावाची पातळ बाटली पण असते, ४०.५ टक्क्यांची, फोटो नीट बघा, १०१ च पाहिजे.

सातपुडा दादांचं ओव्हरहोल्टचं मान्य, पण दोनच बाटल्यांची जागा असताना मी ती घेणार नाही. तिसरी बसत असती तर पहिली तीच.

सातपुडा_पायथा

जागेचा प्रश्न असेल तर भावाला दुकानात ३७५ मिलीची अर्धी बाटली विचारायला सांगा, ओव्हरहोल्टची मिळाली तर ७५० च्या दोन आणि ही एक मिळून १८७५ मिली होतात, २ लिटरच्या आत.

तापीकाठ_जळगाव

हे भारी सांगितलं. भावाला कळवलं, रिटनहाऊस, बुलेट आणि जमली तर ओव्हरहोल्टची अर्धी. सिरिंज मी आजच आणून ठेवतो. जंक्शनभाऊ, भुसावळ काय लांब नाही, तारीख ठरली की मेसेज करतो, ओतायला आणि नंबर टाकायला बाहेरचा माणूस लागेलच, परमिट घेऊन या.

जंक्शनवाला

येतो भो. नंतरचं भरीत तुमच्याकडे, बामणोदची वांगी मी आणतो.