‘मानापमान’ हा शब्द मागे घ्या: अपघात विभागातील त्या रात्रीविषयी

वैशाली, मंगळवार पेठ, कोल्हापूर

परवा एका डॉक्टरांचे टिपण वाचले. त्यांचे म्हणणे असे की, अपघात विभागात थांबायला लावले म्हणजे दुर्लक्ष झाले हा गैरसमज नातेवाइकांनी सोडावा, कारण बहुतेक तक्रारी वैद्यकीय नसून मानापमानाच्या असतात. तो शेवटचा शब्द जिव्हारी लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या श्रावणात रात्री एकच्या सुमारास आईला दरदरून घाम फुटला, मळमळू लागले आणि जबडा व पाठ दुखू लागली. वय ६४, मधुमेह बारा वर्षांचा. शहरातील एका रुग्णालयात तिला नेले. नाव घेत नाही. तेथे आम्ही चाळीस मिनिटे थांबलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण शेजारच्या खाटेवर दुचाकीवरून पडलेला एक मुलगा होता आणि त्याच्याकडे आधी पाहायलाच हवे होते. तक्रार त्यानंतरची आहे. डॉक्टरांनी आईला एकही प्रश्न विचारला नाही. रात्री काय खाल्ले होते, घरात काही ताण आहे का, हे सारे त्यांनी माझ्या भावाला विचारले. आई दोनदा म्हणाली, “डॉक्टर, जबडा दुखतोय हो.” ते केसपेपर लिहीत राहिले. ईसीजी काढला, तो ठीक असल्याचे सांगितले, पित्ताचे इंजेक्शन दिले आणि “घाबरल्या आहेत, घरी न्या” म्हणून तीनच्या आत आम्हाला वाटेला लावले. सकाळी दुसरीकडे काढलेल्या ईसीजीत बदल दिसले, रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन, वाढलेले निघाले आणि दुपारी अँजिओप्लास्टी झाली.

आई आता बरी आहे. पण “मी उगाच कण्हत नव्हते ना गं?” असे ती अजूनही मध्येच विचारते.

निवासी डॉक्टर

ताई, आपल्या आईंना जो त्रास झाला त्याचे मनापासून वाईट वाटते. तरीही एका रात्रीवरून सगळ्यांना तोलू नका. आलेल्या रुग्णांची लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी होते आणि ती कोण आधी आले यावर ठरत नाही, कोणाच्या जिवाला धोका अधिक आहे यावर ठरते. मागच्या आठवड्यात रात्रपाळीला बारा खाटांमागे मी एकटा होतो. एका बाजूला विषप्राशनाचा रुग्ण, दुसऱ्या बाजूला धाप लागलेले आजोबा, आणि हाताला खरचटलेल्या एका तरुणाचे सात नातेवाईक माझ्याभोवती. त्यांच्यापैकी एकाने माझी कॉलर धरली. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण त्या क्षणी वाचवायला तेथे कोणी नव्हते. अशा वातावरणात डॉक्टर मोजकेच बोलतो, त्याला उद्धटपणा म्हणू नये. आणि हृदयविकाराच्या झटक्यात पहिला ईसीजी सामान्य येऊ शकतो, हे वैद्यकशास्त्र आहे. तो निष्काळजीपणा नव्हे.

वैशाली

पहिला ईसीजी सामान्य येऊ शकतो हे आपणच सांगता. मग त्या एका ईसीजीच्या भरवशावर मधुमेह असलेल्या बाईला दोन तासांत घरी कसे पाठवले? स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येता मळमळ, धाप किंवा जबड्याचे दुखणे एवढेच लक्षण असू शकते, हे मला नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी समजावले. ते लक्षण आई स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

गारगोटीकर

डॉक्टरसाहेब, आपण वर्गवारीचे रंग सांगितलेत, पण चौथा रंग राहिला. तो म्हणजे फोनचा. वडिलांना दम्याचा झटका आला तेव्हा पन्नासएक किलोमीटरवरून त्यांना कोल्हापुरात आणले. आमच्यामागून आलेल्या एका गृहस्थांसाठी कोणा माजी नगरसेवकांचा फोन आला आणि ते आमच्याआधी आत गेले. त्यांचा फक्त पाय मुरगळला होता. बाबा बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होते.

राजारामपुरीकर

फोन करणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मी स्वतः माझ्या पत्नीसाठी फोन केला आहे आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. सरळ मार्गाने कोणी लक्ष देत नाही, तेव्हा माणूस ओळख शोधतो. आपल्या गावात ज्याची ओळख नाही त्याने आजारीच पडू नये, अशी स्थिती आहे.

गारगोटीकर

आपल्या पत्नीसाठी आपण फोन केलात, त्या वेळी बाकावर कोणाचे वडील बसले होते हे आपण पाहिले होते का?

राजारामपुरीकर

माझ्या पत्नीला रक्तस्राव होत होता. बाकावर कोण बसले आहे हे पाहण्याची ती वेळ होती का? आपण मला गुन्हेगार ठरवू नका.

निवृत्त परिचारिका, गंगावेश

तुम्ही दोघेही थोडे शांत व्हा. एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली नऊ अपघात विभागात, म्हणून सांगते. फोन आला की ज्याच्यासाठी आला त्याच्यापेक्षा आमचीच धावपळ अधिक होते. हातातली सलाईन अर्धवट सोडून उठावे लागते, आणि ज्याची सलाईन लावायची राहिली तो आमच्याकडे बघत राहतो. रक्तस्राव असलेल्या बाईला फोनशिवायही आधीच आत घेतात. तसे झाले नसेल तर ती विभागाची चूक, फोनचे समर्थन नव्हे. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात, कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. त्यांनी कोल्हापुरात कोणाची ओळख काढायची?

आता डॉक्टरांना. वेळ नसतो हे मी पाहिले आहे, पण रुग्णाच्या मनगटावर हात ठेवून “बाई, तुम्हीच सांगा, कुठे दुखतंय?” एवढे विचारायला नाडी मोजण्याइतकाच वेळ लागतो. नाडी तर मोजायचीच असते.

राजारामपुरीकर

परिचारिकाताईंचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही. तथापि बाकावरच्या माणसाचा विचार मी केला नव्हता, एवढे कबूल करतो. परंतु पैशांचे काय? आमच्याकडे आधी अनामत रक्कम मागितली गेली. तातडीचे उपचार आधी, बाकी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावले आहे.

वैशाली

अनामतीवर स्वतंत्रपणे जरूर बोलू या. माझा प्रश्न मात्र अजून तेथेच आहे. खासगी रुग्णालयांसाठी राज्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. आपल्या आजाराची माहिती रुग्णाला मिळणे हा त्यातला एक हक्क आहे. आईला तिच्या आजाराविषयी थेट कोणीच काही सांगितले नाही.

निवासी डॉक्टर

मान्य करतो. वय, मधुमेह आणि जबड्याचे दुखणे पाहता त्यांना थांबवून घेऊन काही तासांनी ईसीजी पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिनही तपासायला हवे होते. मी तेथे असतो तर केले असते, असे म्हणवत नाही. पहाटे अडीचला मी काय करतो हे मला ठाऊक आहे. पण ‘दुर्लक्ष’ हा शब्द मला अजूनही जड वाटतो.

वैशाली

शब्द आपल्याला जड वाटत असेल तर दुसरा सुचवा. ‘मानापमान’ मात्र नको. आईचा पहिला ईसीजी आम्ही जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला बॉलपेनने एकच शब्द लिहिला आहे: ‘पित्त’. पुढच्या महिन्यात तपासणीला जाताना तो कागद सोबत घ्यायला आईने मला बजावले आहे.