जुनी मोटारसायकल कोणत्या मोसमात घ्यावी? आपापले अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात एका मित्रासोबत जुनी बाईक बघायला गेलो होतो. गाडी बरी होती, मालकही सरळ वाटला. पण परतताना मित्र म्हणाला, "दोन-तीन महिने थांबू. मोसम गेला की भाव पडतो." मी म्हटलं, भाव पडेल रे, पण तेव्हा गाडी नीट तपासता येईल का? तिथून जो वाद जुंपला तो अजून चालू आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी स्वतः जुनी मोटारसायकल घेतली किंवा विकली आहे त्यांनी लिहा: कोणत्या ऋतूत, का, आणि नंतर काय निघालं. "चुलतभावाच्या मित्राने" छापाच्या गोष्टी नकोत. फसलेले अनुभव आधी येऊ द्या, तेच कामाचे.

सुरुवात मीच करतो. काही वर्षं मी बर्फ पडणाऱ्या प्रदेशात होतो. तिथे बाईक वर्षातले जेमतेम सहा-सात महिने रस्त्यावर असते. थंडी तोंडावर आली की मालकाला प्रश्न पडतो, आता ही ठेवायची कुठे, उभ्या गाडीचा विमा भरत राहायचा का, बॅटरीकडे कोण बघणार? त्यामुळे तेव्हा गाड्या भराभर विक्रीला निघतात आणि गिऱ्हाईक मात्र नसतं. मी ऐन जानेवारीत घेतली. मालकाने फारशी घासाघीस न करता भाव उतरवला, मी खूश. पण बाहेर बर्फ, रस्ता निसरडा, चालवून बघणं झालंच नाही. जागेवर चालू केली, कान लावला, पैसे दिले. मार्चमध्ये पहिल्यांदा रस्त्यावर काढली तर दुसरा गिअर टिकेचना, जरा जोर दिला की निसटायचा. इंजिन खोलावं लागलं. हिवाळ्यात वाचवलेलं सगळं त्यात गेलं, वर पदरचे घातले ते वेगळे.

बयाणा द्यायचा आणि बर्फ वितळल्यावर चालवून मगच बाकीचे द्यायचे, असं ठरवता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही.

* * *

थंडीचं वाईट ऐकलंत, आता चांगलं ऐका. मी मुद्दाम थंडीतच बघायला जाते, तेही सकाळी लवकर. "मी येईपर्यंत चालू करू नका" असं फोनवर सांगून ठेवते आणि पोचल्यावर आधी इंजिनाच्या कव्हरजवळ हात नेते. (एकदम टेकवू नका, चटका बसेल.) एका गृहस्थांनी "आत्ताच बाहेर काढली" म्हणून सांगितलं, कव्हर चांगलं गरम. मी म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच जाऊन उभी राहिले. सेल्फ दोनदा कण्हला आणि गप्प. ते म्हणाले, थंडी आहे ना. म्हटलं, म्हणूनच तर आले.

साध्या शिशाच्या बॅटरीची ताकद शून्य अंशाला साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि थंडीत इंजिन ऑइलही घट्ट झालेलं असतं. उन्हाळ्यात कशीबशी सेल्फ मारणारी बॅटरी त्यामुळे थंडीत उघडी पडते. मी छोटा मल्टीमीटर नेते. बंद गाडीला साडेबारा व्होल्टच्या थोडं वर हवं, चालू करून जरा रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. रेस करूनही आकडा हलला नाही तर नुसती बॅटरी बदलून भागणार नाही, चार्जिंगमध्येच घोळ आहे.

माझा भाऊ एकदा सायलेन्सरमधून पांढरं काही निघताना बघून "इंजिन गेलंय" म्हणत मला ओढून घेऊन आला होता. थंड सकाळी ती नुसती पाण्याची वाफ असते, सायलेन्सर तापला की जाते. तापल्यावरही धूर राहिला तर विचार करा: निळसर असेल तर ऑइल जळतंय, रेडिएटरवाल्या गाडीत दाट पांढरा असेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता मोठी. ती गाडी आम्ही घेतली नाही, आणि ती चांगली होती असं मला अजून वाटतं.

* * *

मी भर पावसात घेतली. पावसात कोण बाईक बघायला येतंय, म्हणजे स्वस्त मिळेल, असा हिशोब. मिळालीही. पण ओली गाडी नव्यासारखी चकाकते हो! घरी आणली, पुसली, वाळली, तेव्हा टाकीच्या डाव्या अंगाला भरलेला पोचा दिसला, वर वेगळ्याच छटेचा रंग. इंजिनाखालचं तेलही पावसाने धुऊन नेलेलं, ते चार दिवसांनी फरशीवर दिसलं. फडकं न्या आणि गाडी छपराखाली घ्यायला सांगा, एवढंच सांगेन.

* * *

वरच्यांचं दुःख समजतं, पण पावसात वायरिंगची फुकट परीक्षा होते. कोरड्या दिवशी मख्खन चालणारी गाडी पाणी लागलं की मिसिंग मारायला लागते. प्लगची कॅप चिरलेली असते, नाहीतर कुठलातरी जोड उघडा असतो. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाईट सगळं ओल्यातच बघून घ्या. डिस्कवर रात्रीत आलेल्या तांबूस गंजाला घाबरू नका, चार वेळा ब्रेक दाबला की जातो. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र सोडून द्या. तो गंज ऑइल सील कापतो, नवीन सील टाकलं तरी पुन्हा कापतो.

* * *

मी हेच काम करतो, गाड्या दुरुस्तीचं. लोक गाडी घेताना माझ्याकडे येत नाहीत, घेऊन झाल्यावर येतात. त्यामुळे मोसमाबद्दल माझं मत जरा कडू आहे.

पाऊस संपल्यानंतरचे दोन-तीन महिने सगळ्यात जपायचे. पुरात, साचलेल्या पाण्यात बुडालेल्या गाड्या तेव्हा धुऊनपुसून बाजारात येतात. हवा छान, गाडी स्वच्छ, गिऱ्हाईक खुशीत. बाहेरून काही कळत नाही, कारण बाहेरचंच सगळं साफ केलेलं असतं. सीट काढायला लावा. सीटखाली, बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात, वायरींच्या जुडग्यामागे वाळलेला बारीक गाळ राहतो, तो काढायला कुणाला वेळ नसतो. हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ उमटलेली दिसते का बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा, कागदी फिल्टर भिजून वाळला की त्याला सुरकुत्या पडतात. सगळं जुनं आणि फिल्टर तेवढा कोरा करकरीत, असं असेल तर का बदलला ते विचारा. वायरींचे जोड उपसून बघा, तांब्यावर हिरवट बुरशीसारखं चढलं असेल तर पाणी बराच वेळ आत होतं.

ऑइल दुधाळ, फेसाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पण इथे लोक घाईही करतात. थंडीत रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाला आतून असाच पांढुरका थर धरतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतला ओलावा उडून जात नाही. झाकणालाच असेल आणि खालचं ऑइल स्वच्छ असेल तर मी फारसा घाबरत नाही. खालचंही तसंच असेल तर चावी परत करा.

बुडालेली गाडी पहिले काही महिने ठीक चालते, म्हणूनच ती विकली जाते. मग एकेक करून चाकांची बेअरिंगं, स्टार्टर, मीटर. एक तरुण अशी गाडी घेऊन वर्षात सात वेळा माझ्याकडे आला. सातव्यांदा मीच म्हटलं, आता खर्च करू नकोस. तो म्हणाला, विकू का? काय उत्तर द्यायचं मला कळलं नाही.

* * *

विकणाऱ्याची बाजू कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. माझी बाईक डिसेंबरच्या सुरुवातीला विकायला काढली. फोन येईना. एकजण आला, सगळं आवडलं, आणि म्हणाला, "महिनाभराने हिचं वय एक वर्षाने वाढणार, तेवढे कमी करा." मला हसू आलं. गाडी तीच, किलोमीटर तेच. पण त्याचं बरोबर होतं, पुढे ती विकताना लोक सालच मोजणार. मी हट्टाला पेटलो, नाही म्हटलं. जानेवारीत दुसऱ्याने तोच मुद्दा काढला, आणखी जोरात. शेवटी डिसेंबरवाल्यापेक्षा कमीत दिली.

तेव्हा घेणाऱ्यांनो, वर्षअखेर तुमची. आणि विकणाऱ्यांनो, वर्षअखेरीची वाट बघू नका.

* * *

उन्हाळा! भाव चढे असतात, मान्य. पण रेडिएटरचा पंखा फिरतो की नाही हे रणरणत्या उन्हात जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवल्याशिवाय कळणार कसं? आणखी एक बघा, चांगली तापल्यावर बंद करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. माझी जुनी गाडी सकाळी एका झटक्यात चालू व्हायची आणि दुपारी पंपावर पेट्रोल भरून झालं की ढकलावी लागायची. मी ती सकाळी घेतली होती, हे सांगायलाच हवं का.

* * *

मोसम वगैरे झूट आहे. विकणाऱ्याला घाई कधी आहे तो मोसम. माझी सध्याची गाडी ऐन मागणीच्या दिवसांत अर्ध्या किमतीत मिळाली, कारण मालकाला आठवड्याभरात परदेशी जायचं होतं. "का विकताय?" हा एकच प्रश्न नीट विचारा आणि उत्तर ऐकताना गाडीकडे नाही, माणसाकडे बघा.

* * *

वरच्या प्रतिसादाला: घाईची गोष्ट चोरही सांगतो. कागदावरचा आणि गाडीवरचा चासी नंबर, इंजिन नंबर जुळवला ना? अर्धी किंमत ऐकली की मला आधी तेच सुचतं.

* * *

जुळवला. दोनदा. धन्यवाद, आता तिसऱ्यांदा जाऊन बघतो.

* * *

मी दक्षिण गोलार्धात राहते, त्यामुळे "मार्चमध्ये भाव चढतात" वगैरे वाचून घोळ होतो. आमच्याकडे मार्चमध्ये उन्हाळा उतरतो आणि वसंत सप्टेंबरात येतो. महिन्याचं नाव लक्षात ठेवू नका, आपल्याकडे लोक बाईक कधी बाहेर काढतात ते बघा आणि त्याच्या दोन महिने आधी घ्या. एक गोष्ट मात्र गोलार्ध बघत नाही: मिलानला नोव्हेंबरात आयक्मा प्रदर्शन भरतं, तिथे पुढच्या मोसमाची नवी मॉडेलं दाखवतात. आपल्या पसंतीच्या गाडीची नवी आवृत्ती आली की जुनीचे मालक हळहळतात आणि भावाला नरम येतात. मी असंच एक मॉडेल दोन वर्षं डोळ्यासमोर ठेवून घेतलं.

थांबून घेण्यातला तोटाही सांगते. माझी गाडी बराच काळ नुसती उभी होती. किलोमीटर इतके कमी की मी हुरळले. उभी गाडी चांगली राहते असं नाही. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं, कार्बोरेटरची जेट चिकट होऊन बुजतात, टाकीला आतून गंज चढतो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत राहतं. टायरची नक्षी कोरी होती, पण कडेला लिहिलेल्या तारखेचे चार आकडे होते ३४११. म्हणजे २०११ सालचा चौतिसावा आठवडा. रबर दगड झालेलं. दोन्ही टायर, चेन, ब्रेक ऑइल, टाकीची सफाई, हे सगळं धरलं तर मी मोसमात घेतली असती तरी चाललं असतं.

* * *

धागाकर्ता पुन्हा. मित्राला सगळं वाचायला दिलं. त्याने कुणाचं काही मान्य केलं नाही, फक्त टायरवर ते चार आकडे नेमके कुठे असतात विचारलं. उद्या सकाळी सातला परत जातोय. मालकाला सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. सीट काढायची म्हटल्यावर पलीकडे जरा शांतता होती, मग म्हणाला, "या की."