इलोइलो बंदराबद्दल कोणी सांगू शकेल का?

मेघा (नंदनवन)
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या जहाजावरचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. या सुट्टीत भाऊ आला तेव्हा बोसनने आईसाठी दिलेली निळ्या काठाची ओढणी घेऊन आला. हातमागाची आहे, तिकडे त्या कापडाला हाब्लोन म्हणतात. आमची आजी पाचपावलीतल्या कोष्ट्यांची लेक. तिने ओढणी उलटी करून खिडकीशी धरली आणि एका जागी बोट ठेवलं. "इथं विणणारी उठून गेली होती. परत बसली तं ठोका हलका पडला." खरंच, तिथे दोन बोटं पट्टा विरळ आहे!

भाऊ म्हणतो, हे शहर एके काळी मनिलाच्या खालोखाल होतं. मग आपण नावसुद्धा कसं ऐकलं नाही?

सुशांत धरमपेठ
पनाय बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर आहे. समोरच गिमारास बेट असल्यामुळे बंदराला चांगला आडोसा मिळतो. गिमारासचे आंबे नावाजलेले आहेत. बाकी महालवाले काका सांगतील.

महालचे काका
मेघा बेटा, आजीला माझा नमस्कार सांग. माझे आजोबाही माग चालवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पॅनिश लोकांनी 1581 मध्ये तिथे अरेवालो वसवलं. आज तो इलोइलो शहराचाच भाग आहे. पण विणकाम त्या भागातलं मूळचंच. अननसाच्या पानांचे धागे काढून पिन्या विणायचे, अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांचं सिनामाय. मोलो आणि हारो या शेजारच्या गावांतले व्यापारी हे कापड मनिलाला न्यायचे. घराघरात माग आणि मागावर बायका.

1855 मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. पुढच्या वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत तिथे आला. त्याचा हिशेब साधा होता. लँकेशायरचं स्वस्त सुती कापड जहाजातून उतरवायचं, आणि जहाज रिकामं परतू नये म्हणून त्यात साखर भरायची. साखर यायची शेजारच्या नेग्रोस बेटावरून. त्याने ऊस गाळायची लोखंडी यंत्रं उधारीवर दिली. मोलो-हारोच्या व्यापाऱ्यांनी कापडातला पैसा काढून उसात घातला. बंदर भरभराटीला आलं, मोठाले वाडे उभे राहिले आणि माग एकेक करून थांबले. नदीकाठच्या धक्क्याला आजही लोनीचंच नाव आहे. मला ते फार लागतं. त्या विणकर बायांपैकी एकीचंही नाव कुठल्या धक्क्याला नाही.

आपल्याकडे निदान कापूस वऱ्हाडातला होता, आणि 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हा बऱ्याच कोष्टी घरांना तिथे रोजगार मिळाला. आजोबांचा माग सुटला तो सुताच्या भावापायी. खड्डामागाची जागा बुजवून आजीने तिथे चूल मांडली. ती जमीन पुढेही कित्येक वर्षं खचायची, दरवर्षी मुरूम टाकावा लागायचा.

नाव का ऐकलं नाही, त्याचं कारणही साखरच. आधी नेग्रोसची साखर होड्यांनी इलोइलोच्या गोदामांत यायची आणि तिथून जहाजावर चढायची. विसाव्या शतकात नेग्रोसवरच मोठे कारखाने झाले, त्यांचे स्वतःचे धक्के झाले. इलोइलोच्या हमालांना कामच उरेना. मग संप झाले, 1942 ला जपानी आले, आणि फिलिपिन्समधलंच सेबू बंदर पुढे निघून गेलं.

जयश्री (मनीषनगर)
आमचे हे वीस वर्षं बोटीवर आहेत. इलोइलोचे खलाशी भरपूर भेटतात, तिथे दर्यावर्दी शिक्षणाची कॉलेजं आहेत. त्यांची भाषा हिलिगायनॉन. फार हळुवार, भांडतानाही गाणं म्हटल्यासारखी वाटते. तिथल्या ला पाझ बाजारातलं बाचोय म्हणजे शेवया घातलेलं डुकराच्या मांसाचं सूप, मटणासारखं झणझणीत नव्हे, तर सौम्य. ह्यांना आवडलं होतं.

मेघा (नंदनवन)
काका, तुमचं उत्तर आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. जमीन खचायची तिथे "हो, हो" म्हणाली.

भावाने बोसनला मेसेज केला. ओढणी शहरातली नाही, किनाऱ्यावरच्या मिआगावची आहे, त्याच्या वहिनीने विणलेली. आजीचे आता दोन प्रश्न आहेत: मागाची फणी (जिच्या फटींतून ताण्याचे धागे जातात) किती घराची, आणि सूत कुठून आणतात? भाऊ 12 तारखेला जहाजावर चढतोय. कळलं की इथेच लिहिते.